हाताचे शिक्षण आणि शिकविणारीचा संसार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, सहलीची हकीकत, हळदीकुंकवाचा वृत्तान्त आणि भगिनींच्या कविता येतात. या वर्षी संपादक-मंडळाने मला इतिहासावर काही लिहा असे सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की मला गड-किल्ले आणि लढायाच आठवत. पण दुपारची कामे आटोपल्यावर मंडळाच्या कपाटातली जुनी चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचण्याचा मला नाद लागला, आणि वाचता वाचता ध्यानात आले की, ज्यांनी आपल्या बायकांना शिकविले त्यांचाही एक इतिहास आहे. तो आपल्या मंडळाच्या कामाला फार जवळचा आहे, म्हणून माझ्या बुद्धीप्रमाणे तो इथे मांडते.

मंडळाचा शिवणवर्ग आणि बालवाडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. वर्धापनदिनाच्या निधीतून शिवणवर्गासाठी मोटारवर चालणारी नवी यंत्रे घ्यावीत, असा विचार चालू आहे. यंत्रे हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पाच वर्षांत शिवणवर्गाच्या तीन शिक्षिका सोडून गेल्या. बालवाडीच्या मदतनीस बाईही गेल्या दिवाळीनंतर आल्या नाहीत. यंत्रे जागच्या जागी आहेत, शिकविणाऱ्या मात्र बदलतात. कोणाचा दोष काढावा म्हणून मी हे लिहीत नाही. हाताला काम शिकविणाऱ्या ज्या जुन्या संस्था टिकल्या, त्यांनी आपली माणसे कशी सांभाळली, एवढेच पाहायचे आहे.

आरंभ पंडिता रमाबाईंपासून करते. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणले. या सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेली मुलगी होती गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. तीच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. त्या काळी विधवेशी विवाह केला म्हणून कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. एका विवाहाने एका बाईचे दुःख दूर झाले, बाकीच्यांचे काय, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये त्याला दिले.

पुढे पुण्यात प्लेगच्या साथी सुरू झाल्या आणि शहरात आश्रम ठेवणे कठीण होऊन बसले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी साडेसातशे रुपये दिले. तिथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिकडे गेला. आज कर्वेनगरात दुतर्फा इमारती आहेत, पण तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवीत आणि मग सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जात. बाजारातले सामान बरोबर न्यायचे, तिथल्या मुलींना शिकवायचे, आणि पुन्हा पायी परतायचे. पावसाळ्यात चिखल तुडवावा लागे. हा क्रम एकदोन दिवस चालला नाही, वर्षानुवर्षे चालला.

आता आश्रमात शिक्षण कसले मिळे ते पाहू. वाचन, लेखन, हिशेब हे तर होतेच. पण आश्रमातली बाई उद्या स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हा हेतू होता. कोणी शिक्षिका व्हावी, कोणी परिचारिका व्हावी. माहेरी किंवा सासरी कोपऱ्यात बसून कोरान्न खाणारी बाई चार पैसे मिळवून मानाने राहू लागली की लोकांची तोंडे आपोआप बंद होतात, हे कर्व्यांनी ओळखले होते. नुसता उपदेश करून हे साधले नसते. बाईच्या हाती काम दिले, म्हणून साधले.

आणि या कामाला माणसे कुठली? पैसा मागून मिळतो, जमीन मिळते, पण ओसाड माळावर विधवा मुलींसोबत राहायला कोण येणार? इथे पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट सांगितली पाहिजे.

पार्वतीबाई या बाया कर्व्यांच्या सख्ख्या बहीण. जन्म १८७० सालचा, देवरुखचा. विशीत वैधव्य आले, पदरात एक मुलगा. रीतीप्रमाणे केशवपन झालेले. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्याला बहिणीकडे आल्या आणि त्या वयात पाटी-पेन्सिल घेऊन शिकायला बसल्या. ज्या वयात आपण मुलांचा अभ्यास घेतो, त्या वयात त्यांनी अभ्यास आरंभला. त्या शिकल्या आणि आश्रमाच्या कामात शिरल्या. पुढे आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या आणि गावोगाव हिंडून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. पन्नाशीला आलेली ही बाई १९१८ साली इंग्रजी शिकायला अमेरिकेस गेली, आणि तिथे पोटासाठी लोकांच्या घरी भांडी घासणे, स्वयंपाक, झाडलोट अशी कामे करून राहिली. १९२० साली त्या परत आल्या. 'माझी कहाणी' या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे आहे. मंडळाच्या भगिनींनी ते अवश्य वाचावे.

पार्वतीबाईंची हुशारी आणि धैर्य त्यांचे स्वतःचे होते, यात शंका नाही. परंतु त्यांना राहायला घर मिळाले, मुलाला आसरा मिळाला, शिकायला वेळ मिळाला आणि शिकून झाल्यावर जबाबदारीचे काम मिळाले. यातले एक जरी नसते, तरी हीच बाई कोणाच्या तरी घरी आयुष्यभर पोळ्या लाटीत राहिली असती. संस्थेने आधी त्यांची काळजी वाहिली, मग त्यांनी संस्थेची वाहिली. आज आपण शिक्षिका शोधतो तेव्हा तयार, शिकलेली, जवळ राहणारी आणि कमी पैशांत येणारी शोधतो. हिंगण्याला तशी कोणी मिळाली नाही. त्यांनी आपल्यातूनच माणूस घडविले.

कर्व्यांनी ही गोष्ट पुढे नियमात बसविली. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ काढला. मठ म्हणजे भगव्या कपड्यांचा मठ नव्हे. जी माणसे आश्रमाच्या आणि महिला विद्यालयाच्या कामाला जन्मभर वाहून घेतील, त्यांचा हा संघ होता. स्त्रियाही त्यात होत्या. आपली सारी शक्ती कामाला द्यायची आणि स्वतःच्या लाभाचा विचार करायचा नाही, अशी सेवकाची शपथ असे. पण त्याच शपथेत दुसरी बाजूही होती. सेवकाच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या चरितार्थाची व्यवस्था मठाने करायची, आणि ती होईल तिच्यात सेवकाने समाधान मानायचे. मला या शपथेचे फार नवल वाटते. त्याग मागणारे पुष्कळ असतात. त्याग करणाऱ्याच्या घरची चूल पेटते की नाही हे पाहण्याची जबाबदारी कर्व्यांनी लिहून घेतली. सेवा म्हटली की पगाराचे बोलू नये, असा आपल्याकडे एक संकोच आहे. कर्व्यांइतका निःस्पृह माणूस तो संकोच धरीत नव्हता, मग आपण का धरावा?

पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती कर्व्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली त्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ काढले. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी किती, तर पाच! शिक्षण मातृभाषेतून, आणि इतर विषयांबरोबर गृहजीवनशास्त्र व आरोग्यशास्त्र. पदवीचे नाव 'गृहीतागमा', म्हणजे जिने शास्त्र आत्मसात केले ती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. घरकामाला शास्त्र म्हणून विद्यापीठात बसविणे हे पुष्कळ विद्वानांना तेव्हा रुचले नाही. पण ज्या बाईला तापाच्या रोग्याला काय द्यावे, पाणी कसे शुद्ध करावे, मूल का रडते हे शास्त्राने ठाऊक आहे, तिच्या घरात आजार कमी येतो. हे आपल्याला पुस्तकाशिवायही पटेल. कर्वे १०४ वर्षे जगले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली ते गेले.

हिंगण्याचे उदाहरण झाले. आता पुणे शहरातच दुसऱ्या एका घरी जाऊ. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांना अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्यावर न्यायमूर्तींनीच अक्षरओळख करून दिली होती. घरातल्या बायकांचा त्या शिकण्यास किती विरोध होता ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्याच रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, तेही रानड्यांच्या राहत्या वाड्यात. प्रौढ बायकांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, प्रथमोपचार असे वर्ग तिथे निघाले. पुढे शिक्षिका तयार करण्याचे काम सुरू झाले.

पण सेवासदनाचे सर्वांत धाडसाचे काम परिचारिकांचे. ससून रुग्णालयात शिकण्यासाठी त्यांनी आपल्या बायका पाठविल्या. आज घरोघरी कोणाची तरी मुलगी नर्स असते आणि आपण तिचे कौतुक करतो. तेव्हा चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाची सेवा करणार, रात्रपाळी करणार, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणार, ही कल्पनाही लोकांना सोसत नव्हती. नुसते 'जा आणि शिका' म्हणून कोणी गेले नसते. सेवासदनाने त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय केली. आपल्या पद्धतीचे जेवण, देखरेखीला वडीलधारी बाई, आणि दमून परत आल्यावर बोलायला माणूस. रात्रपाळीहून सकाळी येणाऱ्या मुलीला 'कुठून आलीस?' असे जिथे कोणी विचारीत नाही, असे घर तिला मिळाले. शिक्षण रुग्णालयात झाले, पण ते शिक्षण टिकले ते त्या वसतिगृहामुळे, असे मला वाटते. रमाबाई १९२४ साली गेल्या, तोवर सेवासदनाच्या अध्यक्षा त्याच होत्या.

तिसरे उदाहरण आपल्या बालवाडीला लागू पडणारे आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम करीत होत्या. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधने महाग. खेड्यातल्या गरीब मुलांना ती कुठून परवडणार? १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला बालवाडी काढली. त्या वर्षी अनुताई वाघ त्यांच्याकडे गेल्या. अनुताई बालविधवा, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका होत्या. चांगली नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या १९७३ मधील निधनानंतर अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, चालविले.

कोसबाडला काय झाले पाहा. महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू यांची साधने केली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी अंगणात बालवाडी भरविली. तिचे नाव 'अंगणवाडी'. मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर जाऊन 'कुरणशाळा' काढली. आणि हे काम पुढे नेण्यासाठी बालसेविका तयार करण्याचे वर्ग चालविले. शेण-मातीत वाढलेल्या गावच्या मुलींना त्यांनी मुलांना शिकविण्याची कला शिकविली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने बालविकासाची योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या वस्तीतली अंगणवाडी त्याच योजनेतली. तिथे एक सेविका असते आणि एक मदतनीस. सेविका गाणी-गोष्टी सांगते, वजने घेते, नोंदी ठेवते. मदतनीस मुलांना घरून आणते, खाऊ शिजविते, झाडलोट करते. सकाळी आईला सोडताना रडणारे मूल पहिले कोणाच्या मांडीवर जाते? मदतनिसाच्या. ते शांत झाले तरच पुढे गाणे. तरी या दोघींना मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आपल्या हक्कांसाठी त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोघींनाही ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या उपदानाचा, हक्क आहे. योजना सुरू होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षे होऊन गेली होती. कर्व्यांच्या मठाने जी गोष्ट १९०८ साली शपथेत घातली, ती इतक्या उशिरा आणि न्यायालयाची पायरी चढून मिळाली.

हाताच्या शिक्षणाविषयी सरकारदरबारी बोलणे पुष्कळ झाले आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदाची फुले केली होती, ती मला आजही करता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले आहे. सारे चांगलेच आहे. पण प्रत्येक वेळी शेवटी प्रश्न एकच येतो. मुलांपुढे उभे राहून रंधा धरून दाखविणार कोण, आणि त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजणार?

आता आपल्या मंडळाकडे वळते. हिंगणे, सेवासदन आणि कोसबाड ही फार मोठी कामे. आपले काम छोटे. पण विरजण चमचाभरच लागते. वरील इतिहासावरून मला चार गोष्टी सुचतात, त्या कार्यकारिणीने विचारात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, शिवणवर्गाच्या शिक्षिकेचे आणि बालवाडीच्या बाईंचे मानधन बारा महिने द्यावे. मे महिन्यात वर्ग बंद असतो म्हणून आपण पैसे देत नाही, पण मे महिन्यातही त्यांच्या घरी माणसे जेवतात. दोन यंत्रे कमी घेतली तर हे जमण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, दरवर्षी एकीला मंडळाच्या खर्चाने पुढचे काही शिकवावे. शिक्षिकेला नवी कटिंग येऊ द्या, मदतनिसाला प्रथमोपचार येऊ द्या. पार्वतीबाई पंचविशीनंतर शिकल्या, आपल्यातल्याही शिकतील. शिकून दुसरीकडे गेली तर, ही भीती मी ऐकली आहे. गेली तरी ती कोणाला तरी शिकवीलच, त्यात आपले काय गेले?

तिसरी गोष्ट, शिक्षिकेचे लहान मूल असेल तर ते वर्गाच्या वेळेत आपल्या बालवाडीत बसू द्यावे, फी न घेता. आपल्या शेवटच्या शिक्षिका सोडून गेल्या त्या याच अडचणीने. कोसबाडने विकासवाडी काढून जी अडचण सोडविली, ती आपण एका चटईने सोडवू शकतो.

चौथी गोष्ट विद्यार्थिनींची. वर्षभर कागदावर आणि जुन्या साडीवर कापून मुलींचा हात बसत नाही. शाळेच्या गणवेशाचे, पिशव्यांचे, उशांच्या अभ्र्यांचे खरे काम मंडळाने आणावे आणि त्याची मजुरी मुलींना मिळावी. पहिल्या कमाईचे दहा रुपये हातात आले की शिवण सरळ येते. गिऱ्हाइकाने परत केलेला झंपर जेवढे शिकवितो तेवढे कोणताही तास शिकवीत नाही.

आणि एक छोटीशी मागणी. अहवालात आपण देणगीदारांची नावे छापतो, ती छापावीतच. त्यांच्याखाली शिक्षिकांची आणि मदतनीस बाईंचीही नावे छापावीत, आणि ज्या सोडून गेल्या त्यांचीही. हिंगण्याच्या झोपडीत किती बायकांनी पहाटे उठून चुली पेटविल्या असतील! त्यांतल्या बहुतेकींची नावे मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत. आपल्या मंडळाचा इतिहास पुढे कोणी लिहील, तिला तरी ती सापडावीत.

कमीजास्त लिहिले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि पुढल्या वर्धापनदिनी आज आहेत त्याच शिक्षिका आपल्या वर्गात दिसोत, एवढी इच्छा व्यक्त करून लेख पुरा करते.